धडधडणारे काळीज व दूर उभे राहिलेले सोबती

(वाचण्याचा भाग : स्तोत्रसंहिता, अध्याय 38)



अडतिसाव्या स्तोत्रात दोन वचने एकमेकांस लागून आली आहेत. दहाव्यात दुखणाईत मनुष्य देवाला सांगतो की, आपले हृदय धडधडत आहे, अंगातील बळ सरले आहे आणि डोळ्यांतील तेजही गेले आहे. लगेच अकराव्यात तो म्हणतो की, आपले स्नेही व सोबती आपल्या पीडेपासून लांब उभे राहिले आहेत. ह्या दोहोंच्या मध्ये काय घडले, हे स्तोत्रात लिहिलेले नाही. परंतु ज्याच्या घरात छातीचे जुने दुखणे आहे, त्याला ते सांगावे लागत नाही. आरंभी सारे जवळ येतात आणि काय झाले म्हणून विचारतात. ‘काय झाले’ ह्याचे उत्तर सापडेनासे झाले, म्हणजे एकेकाचे पाऊल मागे सरू लागते.

आज ज्या दुखण्याविषयी बोलावयाचे, ते असे उत्तर न सापडणारे आहे. मनुष्य स्वस्थ बसलेला असतो. तो धावलेला नसतो, त्याच्या अंगात ताप नसतो. तरी एकाएकी काळीज उडू लागते, हातपाय गळतात, आणि जीव घाबरा होतो. त्याच्या जोडीला छातीत कळ. ती कधी क्षणाची, कधी दिवसचे दिवस न हटणारी. समजा, खालापुराकडील एखाद्या वाडीतील बहीण भाताची आवणी करीत असता चिखलातच मटकन खाली बसते. तिला प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात नेतात, मग कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात, मग घरचे भात विकून लोकलने मुंबईस. कार्डिओग्राम निघतो, छातीचा फोटो निघतो, रक्त तपासले जाते, आणि शेवटी डॉक्टर सांगतात की कागद सर्व चांगले आहेत. ती कागद घेऊन घरी येते. रात्री दोन वाजता काळीज पुन्हा उडू लागते.

कागद चांगले आले हे ऐकून घरच्यांस आनंद होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु दुःखाची गोष्ट अशी की, तिच्या खऱ्या एकांतवासाला तेथूनच आरंभ होतो. कारण ज्याला नाव नाही, त्याला नाव देण्यास सर्वजण पुढे येतात. भगत म्हणतो, बाहेरची बाधा आहे. शेजारीण म्हणते, नजर लागली. घाईत असलेला डॉक्टर म्हणतो, टेन्शन आहे. सासरचे म्हणतात, आवणीच्या वेळीच बरे हिचे दुखणे निघते! आणि हे लिहिताना मला लाज वाटते, पण मंडळीतीलही कोणी म्हणतो की, हिच्या मनात काही लपलेले पाप असावे, नाहीतर एवढ्या प्रार्थना केल्या असता गुण का येऊ नये? ही सर्व उत्तरे एकमेकांहून फार निराळी दिसतात. तथापि सर्वांचा परिणाम एकच होतो : बोलणारा मोकळा होतो, आणि दुखणाईत होते तेथेच राहते.

येथे कोणी विचारील की, ह्याच स्तोत्रात दाविदाने आपले दुखणे आपल्या पापाशी जोडले आहे, ते कसे? होय, जोडले आहे. ते आपण लपवू नये. परंतु कोणी जोडले, हे नीट पाहावे. ज्याचे अंग दुखत होते त्याने स्वतः, आणि तेही देवापाशी एकांतात. स्वतःच्या अंतःकरणाचा झाडा घेण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. दुसऱ्याच्या नाडीवर बोट ठेवून त्याचे पाप मोजण्याचा अधिकार त्या स्तोत्रात कोणाला दिलेला नाही. उलट जे लांब उभे राहिले, त्यांच्याविषयी तेथे तक्रारच आहे. जन्मांधाला पाहून शिष्यांनी प्रभूला असाच प्रश्न केला होता की, पाप ह्याचे की ह्याच्या आईबापांचे. आणि प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. तितके दिवस ते चांगले मित्र होते. आठव्या दिवशी त्यांना कारणे सुचू लागली, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप झाला तो त्या कारणे सांगणाऱ्यांवर.

आता, कारण सापडत नाही म्हणजे कारण नाही, असे मात्र समजू नये. ह्याविषयी थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे. कारण आपल्या लोकांत ‘कागद चांगला’ म्हणजे ‘दुखणे खोटे’ अशी समजूत दृढ झाली आहे.

मिनिटाला बहात्तर ठोके धरले, तर मनुष्याचे हृदय एका दिवसात एक लाखाहून अधिक वेळा उडते. कार्डिओग्रामची नेहमीची पट्टी त्यांपैकी सुमारे दहा सेकंदांचे ठोके टिपते. दुखणाईत रांगेत दोन तास उभी राहून आत जाईपर्यंत धडधड थांबलेली असेल, तर ती पट्टी चांगलीच निघणार. यंत्र खोटे बोलले नाही आणि बाईही खोटे बोलली नाही. पीक कापल्यावर शेतात आलेल्या तलाठ्याने ‘येथे भात नाही’ असे लिहावे, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून धडधड चालू असतानाच पट्टी निघावी, असा यत्न करावा. आणि ते जमत नसेल तर होल्टर नावाचे लहान यंत्र चोवीस तास किंवा अधिक वेळ अंगावर बांधून ठेवतात, त्याविषयी डॉक्टरांस विचारावे. धडधड एकाएकी सुरू होऊन एकाएकीच थांबत असेल, जणू कोणी बटण दाबले, तर हृदयातील विजेच्या वाटेत एखादी चोरवाट असू शकते. असा दोष पट्टीत एकदा सापडला, तर पुष्कळदा शिरेतून बारीक तार नेऊन तो कायमचा दूर करता येतो. अशी माणसे वर्षानुवर्षे ‘टेन्शन’च्या गोळ्या घेत राहिली, असे पुष्कळ वेळा घडले आहे.

आणि हृदयाबाहेरचीही कारणे आहेत. अंगात रक्त कमी असले की हृदयाला अधिक वेळा उडावे लागते. महाराष्ट्रात 2019 ते 2021 ह्या काळात झालेल्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या बायांपैकी निम्म्याहून अधिकांच्या अंगात रक्त कमी आढळले होते. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी जास्त काम करू लागली, तरी नाडी धावते. दम्याच्या काही औषधांनी व सर्दीच्या काही गोळ्यांनी धावते. मिश्रीने आणि तंबाखूनेही धावते. आपल्या भागातील किती भगिनी दिवसातून चार वेळा मिश्री लावतात व वर कोरा चहा घेतात, आणि डॉक्टरांनी विचारले तर ‘मी काही व्यसन करीत नाही’ असे सांगतात! लहानपणी घसा दुखून सांधे सुजले असतील, तर तेव्हाच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या असू शकतात. ते डॉक्टरांस न विचारता सांगावे. छातीची कळही नेहमी हृदयाचीच असते असे नाही. फासळ्या जेथे पुढच्या हाडाला जुळतात, तेथील कूर्चा सुजली, अन्ननलिकेत आंबट पाणी वर आले, किंवा मोळ्या वाहून स्नायू दुखावले, तरी छाती दुखते.

हे सर्व पाहूनही काही जणांच्या दुखण्याला नाव मिळत नाही. ही गोष्ट नवी नाही, व आपल्याच खेड्यांतील नाही. अमेरिकेत 1861 पासून 1865 पर्यंत यादवी युद्ध झाले. त्या वेळी फिलाडेल्फिया येथे जेकब मेंडिस डा कोस्टा नावाचे वैद्य लष्करी रुग्णालयात होते. त्यांच्यापुढे तरणेबांड शिपाई येत. त्यांची छाती धडधडे व दुखे, थोड्या श्रमाने दम लागे. आणि तपासले असता हृदयात काही बिघाड दिसत नसे. कित्येकांना हा त्रास ताप किंवा अतिसार होऊन गेल्यावर जडला होता, कित्येकांना कूच करण्याच्या अतिश्रमाने. अशा सुमारे तीनशे शिपायांचा अभ्यास करून डा कोस्टा यांनी 1871 साली तो प्रसिद्ध केला. ‘ही सोंगे आहेत’ असे म्हणून त्यांना परत रणांगणावर हाकलणे सोपे होते. त्याऐवजी त्यांनी प्रत्येकाचे ऐकून घेतले आणि लिहून ठेवले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पुढे पहिल्या महायुद्धात इंग्लंडातील थॉमस लुईस यांना असेच हजारो शिपाई भेटले. अशांना महिनोगणती खाटेवर निजवून ठेवल्याने गुण येत नाही, थोडथोडी वाढवीत नेलेली कवायत पुष्कळांना उपयोगी पडते, असे त्यांनी 1918 साली लिहिले. त्यानंतर ह्या विकाराला किती तरी नावे मिळाली. त्याच्या जवळच्या एका प्रकाराला 1993 साली ‘पॉट्स’ हे नाव मिळाले. त्यात मनुष्य निजलेला उठून उभा राहिला की दहा मिनिटांच्या आत त्याची नाडी मिनिटाला तीस किंवा अधिक ठोक्यांनी वाढते. 2020 च्या महामारीनंतर असे दुखणाईत जगभर वाढले. म्हणजे, काल ज्याला नाव नव्हते, त्यांतील काहींना आज नाव आहे. दुखणे मात्र कालही तितकेच खरे होते.

भीतीविषयीही बोलले पाहिजे, कारण ह्या दुखण्यात ती कधी आधी येते, कधी मागून येते. काळीज आणि काळजी हे शब्द आपल्या भाषेत कानाला सख्खे वाटतात, ते उगीच नव्हे. भय वाटले म्हणजे मूत्रपिंडांवरील दोन लहान ग्रंथी रक्तात एक रस सोडतात, आणि हृदय तत्काळ धावू लागते. ही देवाने संरक्षणासाठी केलेली योजना होय. वाघ समोर आला असता तिनेच मनुष्य पळून वाचतो. परंतु मोठा घाला पडून गेल्यावर कित्येकांचे शरीर, वाघ गेला हे मानावयास तयार होत नाही. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीत ठाकर बांधवांची इर्शाळवाडी होती. 19 जुलै 2023 च्या रात्री लोक निजले असता त्यांच्यावर डोंगर कोसळला. 27 मृतदेह हाती आले, आणि 57 माणसे बेपत्ता असताना 23 जुलैला शोध थांबवावा लागला. त्या रात्रीनंतर पावसाचा जोर वाढला की ह्या डोंगरपट्ट्यात कोणाचे काळीज धडधडू लागले, तर त्याला भित्रा किंवा अविश्वासी म्हणणारा मनुष्य मला भेटू नये. भीतीने धडधडणारी छाती ही खोटी छाती नव्हे. तिलाही उपचार आहे, त्यासाठी वैद्य आहेत, आणि त्यांच्याकडे जाणे म्हणजे वेड्यांच्या यादीत नाव घालणे नव्हे.

लोकांच्या अशा बोलण्याला भिऊन आपले लोक दुखणे दडवितात. छातीवर दगड ठेवणे हा आपल्याकडे गुण मानला आहे. ज्या बोरघाटाच्या रेल्वेने पुण्याची माणसे कर्जतवरून मुंबईस जातात, त्याच वाटेने नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलासाठी जावे लागे. 1897 साली ते साक्ष देण्यासाठी विलायतेस निघाले असता कॅले येथे अपघातात त्यांच्या छातीला मार बसला. सोबतीला दिनशा वाच्छा होते. परंतु इतरांस आपला त्रास नको म्हणून गोखल्यांनी ते दुखणे मनातच ठेवले. लंडनला पोचल्यावर ते असह्य झाले तेव्हा डॉक्टर आले, आणि प्रकृती किती बिकट झाली होती हे सर्वांना कळले. तेथे मिसेस काँग्रीव्ह नावाच्या बाईंनी त्यांची शुश्रूषा केली. ते तेव्हा तीस वर्षांचे होते. त्या दुखण्यातून उठून त्यांनी पुढे अठरा वर्षे देशाचे काम केले, पण प्रकृतीने त्यांना पुरती साथ कधीच दिली नाही. 1915 च्या फेब्रुवारीत गांधीजी पुण्यास आले असता त्यांच्यासाठी योजलेल्या उपाहाराला गोखले आजारातून उठून आले, आणि तेथे त्यांना मूर्च्छा आली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी निरोप पाठविला की, कार्यक्रम चालू ठेवा. थोड्याच दिवसांनी, 19 फेब्रुवारीस, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते वारले. त्यांच्या निरोपाचा मोठेपणा मला कळतो, व त्यापुढे मी मान लववितो. परंतु कॅलेपासून लंडनपर्यंतचे त्यांचे ते मौन अनुकरणीय आहे असे मी कोणाही दुखणाइताला सांगणार नाही. ज्या बहिणीला घरात कोणी विचारीत नाही, तिने तर मुळीच गप्प राहू नये.

येथवर मी डॉक्टरांविषयी पुष्कळ बोललो, आता प्रार्थनेविषयी. आपल्या मंडळ्यांत रोगमुक्तीसाठी प्रार्थना होते, व ती व्हावी. परंतु प्रार्थना करूनही दुखणे राहिले, तर पुढे काय, हे आपण लोकांस शिकविलेले नाही. प्रेषित पौलाच्या शरीरात एक काटा होता. तो निघावा म्हणून त्याने तीन वेळा विनंती केली, आणि तो निघाला नाही. तो काटा कोणता, हे त्याने लिहिले नाही. कोणी डोळ्यांचा विकार म्हणतात, कोणी हिवताप म्हणतात, कोणी फेपरे म्हणतात; विद्वानांचे अद्याप एकमत नाही. इतकी शतके मंडळीच्या पुस्तकात एक नाव नसलेले दुखणे वाचले जात आहे! पौलाला उत्तर मिळाले ते काट्याच्या कारणाविषयी नव्हते. देवाची कृपा त्या काट्यासह त्याच्या जवळ आहे, एवढेच ते होते. आणि तो काटा अंगात असतानाच त्याने पत्रे लिहिली, प्रवास केला, भांडणे मिटविली.

ह्याहून एक लहान गोष्ट आहे, जिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत, त्यानेच आपल्या शेवटच्या पत्रात लिहिले आहे की, सोबती त्रफिम आजारी होता व त्याला मिलेत येथे ठेवावे लागले. त्याचा विश्वास कमी पडला असे पौल म्हणत नाही. तीमथ्याच्या पोटाच्या वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी तो त्याला पथ्य सांगतो. आणि त्याच शेवटच्या पत्रात, सर्व सोडून गेले असता आपल्याजवळ कोण उरले आहे म्हणून तो सांगतो? लूक. म्हणजे वैद्य. (हा लूक आपल्या धंद्याचा अभिमानी होता असे दिसते. बारा वर्षे रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीला वैद्यांच्या हातून फार सोसावे लागले व ती उलट अधिक बिघडली, असे मार्क स्पष्ट लिहितो. तीच गोष्ट लूक सांगतो तेव्हा, तिला कोणाच्याने बरे करवले नाही, एवढ्यावरच भागवितो.)

म्हणून एक गोष्ट सर्वांनी मनात पक्की धरावी. नाडी मंद ठेवण्यासाठी दिलेली गोळी कोणत्याही सभेनंतर, कोणत्याही प्रार्थनेनंतर, उत्साहाच्या भरात एकाएकी बंद करू नये. अशा काही गोळ्या अकस्मात थांबविल्या असता हृदय पूर्वीपेक्षाही अधिक उसळते, आणि जिवावर बेतू शकते. बरे वाटत असेल तर देवाचे आभार मानावे, आणि गोळी कमी करावी की कसे हे डॉक्टरांस विचारावे. ‘विश्वास असेल तर गोळ्या टाकून दे’ असे जो उपदेशक सांगतो, तो विश्वास शिकवीत नाही, दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो.

दुखणाइताने स्वतः काय करावे? एलीया रतामाच्या झुडुपाखाली मरण मागत पडला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. प्रथम झोपू दिले, उठवून भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा भाकर दिली. आणि वाट लांब आहे हे सांगितले. मला ह्यापेक्षा चांगला क्रम सांगता येत नाही. वेळेवर जेवावे, उपाशी पोटी शेतावर जाऊ नये, उन्हाळ्यात व वीटभट्टीवर पाणी पुष्कळ प्यावे. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यावयास सांगितले असेल त्यांची गोष्ट निराळी. मिश्री, तंबाखू व वारंवारचा चहा कमी करीत न्यावा. धडधड सुरू झाली की बसावे किंवा आडवे व्हावे, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ लावावा. खाटेला खिळून राहू नये. डॉक्टरांनी हृदय तपासून मोकळीक दिली असेल तर आज विहिरीपर्यंत, आठवड्याने देवळापर्यंत, असे चालणे वाढवावे. मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी बहुधा साठ ते शंभर असते. दिवस, वेळ, नाडी, आणि त्या वेळी काय करीत होता, एवढे मुलाच्या जुन्या वहीत लिहून ठेवावे. मात्र दिवसभर मनगट धरून बसू नये. त्याने धडधड वाढतेच.

आणि ज्याचे दुखणे जुने आहे, त्याला नवे दुखणे होणार नाही असे कोणी समजू नये. ‘हिचे नेहमीचेच आहे’ ह्या तीन शब्दांनी माणसे दगावू शकतात. कळ नेहमीपेक्षा निराळी वाटली, हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे गेली, घाम फुटला, दम कोंडला, शुद्ध हरपली, किंवा बसूनही नाडी उतरेना, तर सकाळची वाट पाहू नये. भगताची पाहू नये, आणि उपदेशकाचीही पाहू नये. 108 वर फोन करावा. मधुमेह असलेल्यांत व बायांत हृदयाचा झटका पुष्कळदा मोठ्या कळेवाचून, केवळ दम व थकवा घेऊन येतो, हेही लक्षात असू द्यावे.

उपदेशक बंधूंनो व बायबलबाईंनो, आता थोडे तुम्हांस. त्या रक्तस्रावी स्त्रीला प्रभूने हमरस्त्यावर थांबून विचारले, तेव्हा तो याईराच्या घरी निघाला होता, आणि तेथे मुलगी मरणाच्या दारी होती. इतकी घाई असूनही त्याने त्या बाईला सर्व काही सांगू दिले. बारा वर्षांची हकीकत एका वाक्यात सांगून होत नाही. मग त्याने तिला कन्या म्हणून हाक मारली. तुम्ही घरोघर जाता तेव्हा शास्त्र उघडण्यापूर्वी तिची हकीकत पुरी होऊ द्या. ती मागच्या आठवड्यात सांगितलेलेच पुन्हा सांगेल, सांगू द्या. तिच्या सासूला व नवऱ्याला त्या वेळी जवळ बसवा, म्हणजे त्यांनाही ते ऐकावे लागेल. कारण विचारू नका व कारण सांगू नका. अडतिसाव्या स्तोत्राचा शेवट वाचून दाखवा; त्यात दुखणाईत बरा झालेला नाही, देवाने लांब राहू नये, लवकर यावे, एवढेच तो मागतो. प्रार्थना लहान करा. बरे होण्यासाठी मागा, आणि आजची रात्र शांत जावी म्हणूनही मागा. दुसरी प्रार्थना आपण बहुधा विसरतो.

मग व्यवहाराचे पाहा. ज्या वाडीपर्यंत गाडी जात नाही, तेथे झोळीचा बांबू कोणाच्या घरी आहे, रात्री कोणते चार गडी उठतील, आणि सडकेवर 108 ची गाडी कोणत्या खुणेपाशी उभी करावयाची, हे आवणी सुरू होण्यापूर्वी ठरवून ठेवा. मुंबईस तपासणीला जावयाचे असेल तर सोबत कोण जाणार, हे आदल्या रविवारी उपासना सुटल्यावर विचारा, आणि त्या दिवशी तिच्या घरची भाकर कोण करील व गुरे कोण सोडील, तेही विचारा. पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे, नाडीची वही व जुने सर्व कागद घालावेत. कार्डिओग्रामची पट्टी ज्या कागदावर निघते तो पुष्कळदा काही महिन्यांत फिका पडतो व पुढे कोरा होतो. म्हणून धडधड चालू असताना निघालेली पट्टी हाती आली, तर त्याच दिवशी कर्जत किंवा खोपोलीच्या बाजारात तिची झेरॉक्स काढून घ्यावी, आणि मूळ पट्टीबरोबर ठेवून द्यावी.